धुंदीचे गवत : लोकनायक बापूजी अणे यांच्या वाटेने

पुसदहून घाटाच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात शेते मागे पडतात आणि सागाची झाडी सुरू होते. जुलै महिन्यात हा मुलूख पाहावा. उन्हाळ्यात करपून गेलेल्या टेकड्यांवर पहिल्या पावसानंतर जे गवत उगवते, ते इतके कोवळे असते की त्याची पेंढी बांधली तरी बाजारात कुणी विकत घेणार नाही. अशाच एका जुलैत, १० जुलै १९३० रोजी, धुंदीच्या जंगलात पन्नाशीला टेकलेल्या एका वकिलाने सरकारी राखीव जंगलातील गवत कापले आणि स्वतःला अटक करवून घेतली. त्या गवताची किंमत काही नव्हती. ते कापण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न मात्र मोठा होता. वकिलांचे नाव माधव श्रीहरी अणे. वऱ्हाड त्यांना बापूजी म्हणत असे आणि पुढे लोकनायक म्हणू लागला.

बापूजींचे नाव आज यवतमाळकरांच्या तोंडी आहे ते मुख्यतः पाट्यांमुळे. चौक, पुतळा, महाविद्यालय अशा ठिकाणी ते रोज वाचले जाते. पण या माणसाने जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि तेथून दिल्ली, कोलंबो, पाटणा असा जो प्रवास केला, त्याची वाट आज कोणी धरून पाहत नाही. ते लेखक होते, हे तर बहुतेकांच्या गावीही नसते. साहित्य अकादमीचा पुरस्कार ज्यांच्या नावावर आहे, अशा यवतमाळ जिल्ह्यातील या ग्रंथकाराची ओळख जंगल सत्याग्रह आणि राजकारण यांच्यापुढे जात नाही. म्हणून ही वाट एकदा सलग पाहावी असे वाटले.

ती वणीपासून सुरू होते. २९ ऑगस्ट १८८० रोजी बापूजींचा जन्म झाला तेव्हा या जिल्ह्याला यवतमाळ हे नावच नव्हते. मुख्य कचेरी यवतमाळला असली तरी जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाई आणि इंग्रजी कागदपत्रांत त्याचा उच्चार वून असा होई. पुसद तालुका तेव्हा वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, वाशीम जिल्हा मोडला, पुसद इकडे जोडले गेले आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. बापूजींच्या आयुष्यातील दोन महत्त्वाची गावे, वणी आणि पुसद, एका जिल्ह्यात आली ती अशी, ते पंचविशीत असताना.

आज वणीत शिरताना पहिल्यांदा जाणवते ती कोळशाची धूळ. निर्गुडेच्या काठचे हे जुने बाजाराचे गाव, रंगनाथस्वामींचे देवस्थान आणि तेथील जत्रेतला बैलबाजार यांसाठी पंचक्रोशीत ओळखले जाई. आता वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींमुळे वणीच्या आसपासची जमीनच बदलली आहे. जेथे कपाशी आणि ज्वारी होती तेथे खाणीतून काढलेल्या मातीचे ढिगारे उभे आहेत. लांबून पाहणाऱ्या नवख्या माणसाला त्या टेकड्याच वाटतात. ढिगाऱ्यांवर बाभूळ उगवली आहे. ट्रकांची रांग रात्रंदिवस चालू असते आणि रस्त्याकडेच्या झाडांची पाने पाऊस पडेपर्यंत काळीच राहतात. अशा गावात संस्कृताचे संस्कार घेऊन एक मुलगा वाढला, ही गोष्ट आज सांगितली तर ऐकणाऱ्याला थोडे थांबून विचार करावा लागतो. पण त्या काळच्या वणीत वेदपठण आणि शास्त्राध्ययन करणारी घरे होती, आणि अण्यांचे घर त्यांपैकी एक होते. गावातील महाविद्यालयाला पुढे लोकमान्य टिळकांचे नाव दिले गेले. बापूजींच्या गावाला शोभेल असेच ते झाले.

वणीहून नागपूर, तेथील मॉरिस कॉलेज, कलकत्ता विद्यापीठाची पदवी, मग १९०४ ते १९०७ ही तीन वर्षे अमरावतीच्या काशीबाई खासगी हायस्कुलात शिक्षकाची नोकरी, आणि कायद्याची परीक्षा देऊन १९०८ मध्ये यवतमाळला वकिली, असा त्यांचा सुरुवातीचा क्रम आहे. १९०८ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना मंडालेला पाठवण्यात आले. ज्या वर्षी गुरू कायद्याच्या कचाट्यात सापडून दूर गेला, त्याच वर्षी शिष्याने कायद्याचा धंदा सुरू केला. टिळक परत आले, होमरूलची चळवळ सुरू झाली, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातील तिची धुरा बापूजींकडे आली. १९१८ मध्ये यवतमाळहून त्यांनी ‘लोकमत’ हे साप्ताहिक सुरू केले. त्या पत्राला हे नाव टिळकांनी सुचवले, असे सांगितले जाते. आज ज्या नावाचे दैनिक महाराष्ट्रभर वाचले जाते, त्या नावाचा उगम या लहानशा जिल्ह्याच्या गावी, एका वकिलाच्या उद्योगातून झाला.

वणी ते यवतमाळ हा रस्ता मारेगाव, करंजी, जोडमोहा असा जातो. करंजीजवळ तो नागपूर–हैदराबाद महामार्गाला छेदतो, आणि त्या चौपदरी रस्त्यावरून धावणाऱ्या मालमोटारींकडे पाहताना बैलगाडीच्या काळातील अंतराची कल्पना करणे कठीण जाते. जोडमोहाच्या आसपास अजून जंगल टिकून आहे. खाली पांढरकवड्याकडे टिपेश्वरचे अभयारण्य आहे, तेथे वाघांची संख्या वाढली आहे, आणि वाघ व शेतकरी यांच्यातील भांडण २०१८ मध्ये ‘अवनी’ या वाघिणीला गोळी घातली गेली तेव्हा देशभर पोचले होते. गुराख्याला जंगलात जाऊ द्यायचे की नाही, गेल्यास त्याचे रक्षण कोणी करायचे, हा वाद त्या निमित्ताने पुन्हा वर आला. नव्वद वर्षांपूर्वी बापूजींनी ज्या वादाला हात घातला होता, त्याचे हे वेगळे रूप आहे असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

यवतमाळहून मुर्तिजापूरकडे जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी बापूजींच्या उमेदीच्या काळातली. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी एका खासगी इंग्रजी कंपनीने ती घातली. ती आता धावत नाही, रुळांवर गवत वाढले आहे. वर्ध्याहून येणारा नवा रुंद रुळमार्ग फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत सुरू झाला.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले आणि त्यांच्या वऱ्हाडी अनुयायांपुढे मोठा पेच उभा राहिला. गांधीजींच्या असहकाराचा मार्ग त्यांना मनापासून पटणारा नव्हता. विधिमंडळे सोडून देण्यापेक्षा तेथे बसून सरकारला अडवावे, जेथे सहकार्य मिळेल तेथे द्यावे आणि मिळणार नाही तेथे विरोध करावा, ही टिळकांची शिकवण त्यांच्या रक्तात होती. १९२६ मध्ये अकोल्याला प्रतियोगी सहकारवाद्यांचा पक्ष निघाला तेव्हा न. चिं. केळकर, बॅ. जयकर, डॉ. मुंजे यांच्याबरोबर बापूजीही त्यात होते. केंद्रीय विधिमंडळात ते वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून बसले. १९२८ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भावी राज्यघटनेचा आराखडा करणारी जी समिती नेमली गेली, तिच्यातही त्यांचे नाव आहे. मसुदे, कलमे आणि दुरुस्त्या यांत रमणारा हा मनुष्य होता. त्यामुळे दोनच वर्षांनी तो पावसात जंगलात जाऊन उभा राहिला, याचे अनेकांना आश्चर्य वाटले असणार.

पण त्या कृतीमागेही वकिलाचाच विचार होता. मार्च–एप्रिल १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचलले आणि देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला. वऱ्हाडला समुद्र नाही. येथील शेतकऱ्याला सरकारचा हात रोज जाणवायचा तो मिठाच्या पुडीपेक्षा जंगलाच्या नाक्यावर. राखीव जंगलाचा कायदा आल्यापासून गावाच्या शिवेला लागून असलेल्या टेकडीवरचे गवत, सरपण, कुंपणाच्या काट्या, नांगराचे लाकूड यांसाठी परवाना लागू लागला. चराईचा पास नसलेले जनावर जंगलात शिरले की त्याची रवानगी कोंडवाड्यात होई आणि ते सोडवून आणण्यासाठी दंड भरावा लागे. कापसाचे भाव १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कोसळले होते. हातात रोकड नसलेल्या कास्तकाराला बैलाचा चारा विकत घेणे परवडत नव्हते, आणि फुकटचा चारा डोळ्यांसमोर असून त्याला हात लावता येत नव्हता. मिठापेक्षा गवत हा प्रश्न येथे अधिक जिव्हाळ्याचा होता. काँग्रेसच्या कार्यकारिणीने मे १९३० मध्ये मध्यप्रांतासाठी जंगल कायद्याच्या भंगाला मोकळीक दिली होती. बापूजींनी ती वऱ्हाडात प्रत्यक्षात आणली.

त्यांनी त्यासाठी यवतमाळच्या दाराशी असलेले जंगल निवडले नाही, पुसद निवडले. यवतमाळहून दारव्हा, दिग्रसमार्गे पुसदला जाताना अडाण, अरुणावती, पूस या पैनगंगेच्या उपनद्यांची खोरी एकामागून एक लागतात. आज या नद्यांवर धरणे आहेत, पूल आहेत, आणि सकाळी यवतमाळहून निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणाला पुसदला पोचतो. त्या काळी जुलैत हा प्रवास म्हणजे नदीच्या उताराची वाट पाहत बसणे. जिल्ह्याच्या या कोपऱ्यात बंजारा आणि आदिवासी वस्ती मोठी, तिचे जगणे जंगलाशी बांधलेले. पुसदजवळच्याच गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा सतरा वर्षांचे होते. ते पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले.

धुंदीला गवत कापले गेले, अटक झाली, शिक्षा झाली. पण बापूजी तुरुंगात गेले तरी चळवळ थांबली नाही. ११ दिवसांनी, २१ जुलै रोजी, यवतमाळजवळच्या लोहारा येथे डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनीही जंगल कायदा मोडला आणि कारावास पत्करला. राजकीय मते वेगळी असलेली माणसे त्या पावसाळ्यात एकाच गवतासाठी तुरुंगात गेली. लोहाऱ्याचे ते जंगल शोधत गेलो तर आज औद्योगिक वसाहत लागते. धुंदीकडील झाडी मात्र बऱ्यापैकी शाबूत आहे. घाटाखालच्या वावरांत कपाशी आणि तुरीच्या जोडीला सोयाबीन आले आहे. बैलांची संख्या कमी झाल्याने गवताची पूर्वीसारखी निकड उरलेली नाही. कास्तकाराची तक्रार आता रोही आणि रानडुकरांबद्दल असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना जंगलावर सामूहिक हक्क मागता येऊ लागला, आणि ज्या गोष्टीसाठी १९३० मध्ये हातकड्या पडल्या तिच्यासाठी आता अर्ज भरावा लागतो. ही प्रगती नाही असे कोणी म्हणणार नाही. पण अर्जांचे गठ्ठे पाहिले की कलमांत आणि मसुद्यांत रमणाऱ्या बापूजींची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

येथून पुढे बापूजींची वाट जिल्ह्याबाहेर जाते. १९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. त्या वर्षी ८ मे रोजी गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले, तेव्हा सविनय कायदेभंग सहा आठवडे तहकूब केल्याचे बापूजींनी अध्यक्ष या नात्याने जाहीर केले. पुढे पुण्याच्या बैठकीनंतर सामुदायिक चळवळ थांबवून वैयक्तिक कायदेभंग सुरू झाला, त्यात त्यांना पुन्हा अटक झाली. ज्यांच्या मार्गाविषयी मनात शंका होती, त्यांच्या चळवळीचे सुकाणू त्यांनी संकटकाळात निष्ठेने धरले. पण पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेसने विरोधही नाही आणि स्वीकारही नाही अशी भूमिका घेतली, तेव्हा ते पंडित मालवीयांबरोबर बाहेर पडले आणि काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष निघाला. बापूजींचा हा स्वभाव सर्वत्र दिसतो. ते सहसा भांडून जात नसत, पण पटले नाही तर थांबतही नसत.

याच स्वभावाची सर्वांत कठीण परीक्षा १९४२ मध्ये झाली, आणि तिचे ठिकाण त्यांच्या जन्मगावापासून फार दूर नव्हते. १९४१ मध्ये बापूजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. परदेशांतील भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते. अनेक जुन्या सहकाऱ्यांना हे पाऊल रुचले नाही. त्यानंतर वर्षभरात ‘छोडो भारत’ची ठिणगी पडली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे लोकांच्या उठावात सरकारी अधिकारी व पोलीस मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून लष्कराने व पोलिसांनी गावावर जे अत्याचार केले, त्यांत स्त्रियांवरील अत्याचारांच्या हकिकती अंगावर काटा आणणाऱ्या होत्या. वणीहून वर्धा नदी ओलांडून, वरोऱ्यावरून चिमूरला जाऊन त्याच दिवशी परत येता येते. वणीच्या कोणत्याही घराला चिमूर परके नाही, सोयरीक आणि बाजार यांनी ही गावे बांधलेली आहेत.

सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भणसाळी यांनी या अत्याचारांच्या चौकशीची मागणी घेऊन दिल्ली गाठली आणि ते थेट बापूजींच्या दारात उपोषणाला बसले. दुसऱ्या कोणाकडे नाही, बापूजींकडे, कारण व्हाइसरॉयच्या मंडळात या मुलुखाचा माणूस तेच होते. भणसाळींचे म्हणणे एवढेच की त्यांनी चिमूरला यावे आणि स्वतः पाहावे. बापूजी गेले नाहीत. सरकारचे सदस्य म्हणून आपले हात बांधलेले आहेत असे त्यांना वाटले असेल, किंवा जाऊन काही साधणार नाही असाही हिशेब असेल. परंतु पुसदच्या जंगलात विनाबोलावता गेलेला हा माणूस, बोलावणे दारात येऊन बसले असता चिमूरला गेला नाही, ही गोष्ट चरित्रकाराने झाकून ठेवू नये. पोलिसांनी भणसाळींना दिल्लीतून उचलून सेवाग्रामला आणले. तेथून ते पायी चिमूरकडे निघाले, त्यांना अडवून परत आणण्यात आले, आणि अखेर सेवाग्रामला त्यांचे उपोषण ६३ दिवस चालले. त्याच्या बातम्यांवर बंदी आली तेव्हा देशातील अनेक वृत्तपत्रांनी निषेध म्हणून एक दिवस अंक काढला नाही. १२ जानेवारी १९४३ रोजी सरकारशी तडजोड होऊन उपोषण सुटले.

महिनाभराने, १० फेब्रुवारी १९४३ रोजी, गांधीजींनी आगाखान राजवाड्याच्या बंदिवासात एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. त्यांना सोडावे ही मागणी सरकारने धुडकावली. १७ फेब्रुवारीला बापूजी अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी कार्यकारी मंडळाचे राजीनामे दिले. भणसाळींच्या वेळी जे झाले नाही ते गांधीजींच्या वेळी झाले. दारातल्या उपोषणाने मनात काही हलले होते की नाही, हे ठरवण्याचे साधन आपल्याजवळ नाही. तारखा मात्र एकमेकींना लागून आहेत.

त्याच वर्षी ते भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले. चहाच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या तमिळ मजुरांचे नागरिकत्व आणि मताधिकार हा तेथला ज्वलंत प्रश्न होता, आणि तो पुढेही अनेक वर्षे धुमसत राहिला. बापूजी तेथे १९४७ पर्यंत होते, त्यांच्यानंतर व्ही. व्ही. गिरी गेले. स्वातंत्र्यानंतर संविधान सभेचे सदस्यत्व आणि जानेवारी १९४८ ते जून १९५२ बिहारचे राज्यपालपद, हा भाग सर्वश्रुत आहे. पाटण्याहून परतल्यावर वय सत्तरीच्या पुढे गेलेले. आता विश्रांती घ्यावी असे कोणालाही वाटले असते. पण तेव्हा विदर्भाचा प्रश्न पेटला होता. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, ती बाजूला पडून १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. बापूजी अखेरपर्यंत विदर्भवादी राहिले. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत, ऐंशी ओलांडलेल्या वयात, ते नागपुरातून अपक्ष म्हणून निवडून आले. त्यांच्या विदर्भवादाशी सहमत नसलेले महाराष्ट्रात पुष्कळ होते आणि आहेत. परंतु संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत या वयोवृद्ध टिळकभक्ताला नागपूरने दिल्लीला पाठवले, याचा अर्थ त्या शहराला त्यांचे म्हणणे ऐकू जावे असे वाटत होते.

या धकाधकीत बापूजी एक ग्रंथ लिहीत होते, हे किती जणांना ठाऊक असेल? टिळकांचे चरित्र त्यांनी संस्कृत श्लोकांत रचले. ग्रंथाचे नाव ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’, म्हणजे टिळकांच्या यशाचा सागर. सागर, म्हणून सर्गांच्या जागी तरंग, असे पंच्याऐंशी तरंग आणि बारा हजारांहून अधिक श्लोक. एवढा पसारा तरुण पंडितालाही दमवणारा आहे. तो एका म्हाताऱ्या राजकारणी माणसाने आयुष्याच्या उतारावर पेलला. विसाव्या शतकातील वर्तमानपत्रे, खटले, काँग्रेसची अधिवेशने आणि दुष्काळाचे प्रश्न अनुष्टुभासारख्या छंदांत बसवायचे म्हणजे शब्दच नव्याने घडवावे लागतात. न्यायालय, अग्रलेख, राजद्रोह यांना देववाणीत बोलायला लावणे हे काम वकिलाची चिकाटी आणि शास्त्र्याचा अभ्यास दोन्ही असल्याखेरीज होणारे नाही. वणीच्या घरातले संस्कृत आणि यवतमाळच्या कचेरीतला कायदा येथे एकत्र आले, असे म्हणता येईल.

तरीही त्यांनी संस्कृतच का निवडले, हा प्रश्न मनात येतोच. मराठीत त्यांची लेखणी चांगली चालत असे. वृत्तपत्र चालवलेला माणूस, सभा गाजवलेला वक्ता, त्याने आपल्या जिल्ह्यातील कास्तकाराला वाचता येईल अशा भाषेत हे चरित्र लिहिले असते तर ते घरोघरी गेले असते. न. चिं. केळकरांनी मराठीत टिळकचरित्राचे तीन खंड आधीच लिहिले होते, हे एक कारण असू शकेल. दुसरे असे की आपल्या गुरूला बापूजी केवळ महाराष्ट्राचा मानत नव्हते. काशीपासून कांचीपर्यंत जी भाषा पंडितांना कळते तिच्यात तो कोरून ठेवावा, अशी त्यांची इच्छा असावी. परिणाम मात्र असा झाला की ग्रंथ मोठा ठरला आणि वाचक थोडे राहिले. त्यांच्या जन्मगावातील टिळकांच्या नावाच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या किती विद्यार्थ्यांनी तो उघडून पाहिला असेल, याचा अंदाज करण्यात अर्थ नाही.

२६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताकदिनी, बापूजींचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण हा सन्मान देण्यात आला. छापलेला ग्रंथ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. तीन खंड मृत्यूनंतर बाहेर आले, आणि १९७३ मध्ये संस्कृतसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. योगायोग असा की त्याच १९७३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले होते, ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. वणीच्या सुपुत्राचा महाग्रंथ आणि यवतमाळचा मांडव एकाच वर्षातले.

त्या बारा हजार श्लोकांत रत्नागिरी आहे, पुणे आहे, मंडाले आहे. चरित्र टिळकांचे असल्याने ते १ ऑगस्ट १९२० च्या पहाटेला येऊन संपते. धुंदीचे गवत त्यानंतर दहा वर्षांनी कापले गेले.